दहा फेऱ्या मारून पोरं वेगवान का होत नाहीत

पहाटे साडेपाचला जांबोटी रस्त्यावर उभं राहिलं की आधी बुटांचा आवाज येतो, मग धुक्यातून पोरं दिसायला लागतात. ही भरतीची पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, आणि बेळगाव-खानापूर तालुक्यातल्या गावागावांत कुणी ना कुणी सोळाशे मीटरच्या तयारीला लागलेला असतोच. त्यांच्या मागं थोडं अंतर राखून सहावी-सातवीतली बारकी पोरं पळत असतात. दादा पळतो म्हणून तीही पळतात. पण दादाला सोळाशे मीटर पळायचंय आणि या बारक्यांची नावं शाळेत शंभर मीटरला दिलेली आहेत. तीन-चार किलोमीटर पळून घाम पुसत घरी येतात, आई कौतुकानं दूध देते, आणि तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्याच हीटला पोरगं पाचवं नाहीतर सहावं येतं. मग घरचे म्हणतात, "उद्यापासून आणखी दोन फेऱ्या वाढव."

यात पोराची चूक नाही आणि दादाचीही नाही. सोळाशे मीटरसाठी दादा करतोय ते बरोबरच आहे. पण दम आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीच्या सरावानं दुसरी आपोआप येत नाही, हे आपल्याकडं कुणी पोरांना बसवून सांगत नाही. मी शाळकरी मुलामुलींना धावायला शिकवतो. सुरुवातीची बरीच वर्षं मीही मैदानाला फेऱ्याच मारायला लावत होतो, कारण मलाही तसंच शिकवलं होतं. एखादं पोरगं ओकलं की "आज सराव झाला" असं समजायचे आमचे दिवस होते. त्या पोरांची माफी मागता येत नाही, म्हणून निदान पुढच्यांसाठी हे लिहितोय.

वेग येतो कुठून

सायकलचं जुनं टायर काठीनं पळवलं असेल तर धावण्याचं अर्धं शास्त्र तुम्हाला ठाऊक आहे. टायर उभं असतं तेव्हा पहिला रेटा लांब आणि जोरकस द्यावा लागतो. काठी टायरला बराच वेळ चिकटून राहते. टायर पळायला लागलं की मात्र छोटे, झटपट फटके पुरतात. तेव्हा काठी टेकवून ठेवली तर टायर डगमगतं आणि वेग उलट मोडतो. शरीराचंही असंच आहे. सुरुवातीच्या दोन-तीन पावलांत पाय जमिनीवर साधारण सेकंदाचा पाचवा भाग टेकलेला असतो. पूर्ण वेगात आलेल्या पट्टीच्या धावपटूचा पाय जमिनीला जेमतेम सेकंदाचा दहावा भाग लागतो, कधी त्याहूनही कमी. तेवढ्या क्षणात त्याला आपल्या वजनाच्या कित्येक पट जोर जमिनीत घालायचा असतो.

धावण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पीटर वेयँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ट्रेडमिलवर माणसं पळवून मोजमापं घेतली. त्यात दिसलं ते असं: वेगवान माणूस असो की सावकाश, आपापल्या पूर्ण वेगात पाय हवेतून पुढं आणायला दोघांनाही जवळजवळ सारखाच वेळ लागतो. फरक आहे तो पाय जमिनीवर किती जोरानं पडतो यात. म्हणून "पाय भरभर उचल, भरभर उचल" असं कडेनं ओरडणं अर्धंच खरं आहे. पोरांचे पाय भरभर चालतातच. दहा वर्षांच्या पोराची पावलांची लय मोठ्या माणसाच्या लयीच्या बरीच जवळ असते. त्याचं पाऊल लांब पडत नाही, कारण उंची कमी आणि जमिनीवरचा जोर कमी. उंची आपल्या हातात नाही. जोर आहे.

सुरुवातीचा रेटा शिकवायला मी बंद पडलेल्या टेम्पोची गोष्ट सांगतो. टेम्पो ढकलताना कुणी ताठ उभं राहून ढकलत नाही. टाचेपासून डोक्यापर्यंत अंगाची एक तिरकी रेघ होते, नजर खाली असते, आणि जोर मागं जातो. शंभर मीटरची पहिली आठ-दहा पावलं म्हणजे हेच. बहुतेक पोरं "गो" ऐकलं की दुसऱ्याच पावलाला ताठ होतात, मान वर करून आजूबाजूला बघतात, आणि रेटा संपतो. ही एक सवय मोडली तरी काही आठवड्यांत फरक डोळ्यांनी दिसतो. कशी मोडायची? पोरांना पोटावर पालथं झोपवायचं, टाळी वाजवायची, उठून पंधरा मीटर पळायचं. पालथं पडलेला माणूस एकदम ताठ होऊच शकत नाही, त्याला तिरकंच उठावं लागतं. समजावून सांगायची गरजच राहत नाही, अंग आपलं आपण शिकतं.

आता शेवटच्या टप्प्याची एक गैरसमजूत. "शेवटी वेग वाढव" असं आपण सगळेच सांगतो. उसेन बोल्टनं २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, त्या धावेचे वीस-वीस मीटरचे तुकडे बघा. पहिले वीस मीटर २.८९ सेकंद, पुढचे १.७५, मग १.६७, मग १.६१ आणि शेवटचे वीस १.६६. साठ ते ऐंशी मीटर या तुकड्यात तो ताशी ४४ किलोमीटरहून जास्त वेगानं पळत होता, आणि त्यानंतर तोही मंदावला. जगातला सगळ्यात वेगवान माणूस शेवटच्या वीस मीटरला वेग वाढवू शकला नाही, तर आमच्या सातवीतल्या पोरीकडून ती अपेक्षा कशी करायची? शाळकरी पोरं तीस-चाळीस मीटरच्या आसपासच आपल्या पूर्ण वेगात येतात. तिथून पुढं जो कमी मंदावतो तो बघणाऱ्याला "शेवटी सुटला" असा दिसतो. आणि कमी मंदावायचं असेल तर अंग सैल ठेवावं लागतं. त्याकडं पुढं येतो.

तांब्या आणि विहीर

मुख्य मुद्दा आहे विश्रांतीचा, आणि इथंच पालकांशी माझं सगळ्यात जास्त वाजतं.

स्नायूंमध्ये ताकदीचे दोन साठे आहेत असं समजा. एक हाताशी भरून ठेवलेला तांब्या, दुसरी परसातली विहीर. विहीर खोल आहे, पण पाणी शेंदायला वेळ लागतो. लांब पळायला ती उपयोगी. तांब्यातलं पाणी एका झटक्यात मिळतं, पण ते सहा-आठ सेकंदांत संपत येतं. पूर्ण वेगानं पळणं मुख्यतः या तांब्यावर चालतं. तांब्या पुन्हा भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तो भरायच्या आतच पोराला पुन्हा पळवलं तर ते पळतं, पण विहिरीचं पाणी शेंदत पळतं. म्हणजे ते वेगाचा सराव करतच नाही, दमाचा करतं.

दुसरं कारण मेंदूचं आणि नसांचं. मुलाला शुद्धलेखनाच्या पाच ओळी मन लावून लिहायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी शंभर ओळी. शंभराव्या ओळीचं अक्षर बघा. हाताला वळण कोणतं लागणार? सगळ्यात जास्त वेळा जे गिरवलं तेच. धावण्याचंही वळण असतं. थकलेलं पोरगं कंबरेत वाकतं, पाय टाचेवर आपटतं, हात छातीसमोर आडवे फिरवतं. दहा फेऱ्या मारून आपण त्याच्याकडून हेच वळण पक्कं गिरवून घेतो.

म्हणून प्रशिक्षकांमध्ये एक सोपा हिशेब चालतो: दहा मीटर पळालं की एक मिनिट विश्रांती. वीस मीटरला दोन मिनिटं, तीस मीटरला तीन. एका दिवसात पूर्ण वेगाच्या अशा सहा ते आठ धावा लहान पोरांना भरपूर झाल्या. सगळी बेरीज दीडशे-दोनशे मीटरच्या आसपासच राहते. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि मध्ये एक दिवस मोकळा. एवढंच.

हे बघणाऱ्याला आळशीपणाचं वाटतं. गेल्या वर्षी एका मुलीची आई शेताकडून येताना बांधावर थांबली. दहा मिनिटं बघून म्हणाली, "सर, पोरं नुसती बसल्यात की!" तिला मी शेजारी बसवलं आणि डोळे मिटून ऐकायला सांगितलं. ताज्या पोराचं पाऊल जमिनीला टप् लागून निघतं. थकलेल्याचं धप्प पडतं. पाचव्या धावेपर्यंत टप् टप् होतं. सहाव्या वेळी मुद्दाम अर्ध्याच मिनिटाच्या विश्रांतीनंतर पळवलं, आणि त्या माउलीनं डोळे न उघडताच सांगितलं, "आता पाय पडायलेत." तेव्हापासून सराव कधी थांबवायचा याचं माझं घड्याळ तेच आहे. आवाज बदलला की त्या दिवसाचं काम संपलं, मग ठरवलेल्या आठातल्या पाचच धावा झाल्या असल्या तरी.

मैदान, खेळ आणि धसकटं

सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून पोरं मागं पडतात ही तक्रार मी ऐकतो, आणि स्पर्धेच्या वेळी ती काही प्रमाणात खरीही असते. पण तेरा-चौदा वर्षांपर्यंत लागतो तो वीस-तीस मीटरचा सपाट, मऊ पट्टा. भाताची कापणी-मळणी झाली की आमच्याकडं अशी शेतं मोकळी होतात. काहींत लगेच मसूर, हरभरा, वाटाणा पडतो, पण एखादा मालक पट्टाभर जागा देतो. धसकटं मात्र आधी नीट काढायची. अनवाणी पळणाऱ्या पोराच्या तळव्यात धसकट घुसलं की आठवडा गेला, आणि भीती बसते ती वेगळीच. अनवाणी पळण्यानं पावलाचे बारीक स्नायू चांगले होतात, ते जरूर करावं, पण स्वच्छ मातीत आणि थोडं थोडं. स्पाइकची, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांची, घाई लहानपणी करू नये.

आणि आपल्या जुन्या खेळांकडं नीट बघा. लंगडी म्हणजे एका पायाच्या सलग उड्या. घोटा ताठ ठेवून जमिनीवरून लगेच उसळायला लंगडी शिकवते. मोठे धावपटू त्यासाठीच वेगळे उड्यांचे व्यायाम करतात. खो-खोत उकिडवं बसलेलं पोरगं खो मिळताच तिरकं उठून सुटतं, म्हणजे टेम्पोचा धडा एका डावात कितीतरी वेळा गिरवून होतो, तोही हसत-खेळत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले. सीमाभागातल्या मराठी शाळांत हा खेळ आधीपासून आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराला वेगळा "स्प्रिंटचा कोर्स" लावण्यापेक्षा संध्याकाळी तासभर खो-खो, लंगडी आणि आट्यापाट्या खेळू द्या, असं मी पालकांना मनापासून सांगतो.

हलका चढ असेल तर सोन्याहून पिवळं. चढावर पोरगं आपोआप तिरकं होतं, गुडघा वर येतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंवर फार ताण येत नाही. पंधरा-वीस मीटर पुरे. उतारावर मात्र पळवू नका. तिथं वेग वाढल्यासारखा वाटतो, पण पाय पुढं आपटून ब्रेक लागायची सवय लागते आणि मांडीची शीर ओढली जाते.

सरावाआधी पंधरा मिनिटं अंग गरम करायचं: हळू पळणं, पाय झुलवणं, गुडघे उचलत उड्या, मग हळूहळू वेग वाढवत दोन-तीन धावा. थंड अंगानं पाय ताणून धरून बसवणं हा जुना प्रकार आता पूर्ण वेगाच्या आधी करत नाहीत. बराच वेळ ताणून धरलं की स्नायूची उसळी थोडी कमीच होते. ते ताणणं सराव संपल्यावर करावं.

फक्कीची रेघ

आता आत्मविश्वास. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये मांडलं की "मला हे जमेल" हा भरवसा माणसाला चार वाटांनी येतो: स्वतः करून बघितलेलं यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेलं बघणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द, आणि आपल्या अंगाची त्या क्षणीची अवस्था. यातली पहिली वाट सगळ्यात पक्की. आपण मात्र तिसऱ्याच वाटेवर सगळा जोर लावतो. स्पर्धेआधी भाषण देतो, "तू वाघीण आहेस" म्हणतो. पोरीनं आजवर स्वतःला सतत शेवटचं येताना बघितलंय. ती आपल्या तोंडाकडं बघते, मान डोलावते, आणि तिचा विश्वास काही बसत नाही. का बसावा?

अशीच एक सहावीतली मुलगी माझ्याकडं आली. अर्ध्या अंतरावर सगळे पुढं गेले की ती हसत हसत चालायला लागायची. ते हसणं खरं नव्हतं. हरण्याआधीच खेळ सोडून दिला की हरल्यासारखं वाटत नाही, म्हणून ते हसणं. तिच्यासाठी मी रेघांचा खेळ सुरू केला. शेवटची रेघ सगळ्यांची एकच, पण सुरुवातीची रेघ प्रत्येकाची वेगळी. सगळ्यात वेगवान पोराला चाळीस मीटर, दुसऱ्याला एकोणचाळीस, असं करत तिला चौतीस. हिशेब असा की सगळे जण शेवटी एकाच वेळी पोचावेत. फक्कीच्या दहा रेघा, प्रत्येकीपुढं नावाचं पहिलं अक्षर.

पहिल्या दिवशी ती पळाली आणि वीस मीटरला नेहमीप्रमाणं मागं वळून बघितलं. मागं पोरं होती. तिच्या मागं कुणी असण्याची ती पहिलीच वेळ. ती इतकी गोंधळली की थांबलीच. दुसऱ्या वेळी थांबली नाही. तिसऱ्या आठवड्यात सलग दोनदा पहिली आली, आणि नियमाप्रमाणं तिची रेघ अर्धा मीटर मागं सरकली. मला वाटलं हिरमुसेल. तिनं काय करावं? जुन्या रेघेवर टाच ठेवली आणि नव्या रेघेपर्यंत पावलं मोजली. दोन पावलं आणि चार बोटं. "सर, मी एवढा पुढं आलो?" आमच्याकडं मुलीही "मी आलो"च म्हणतात. रेघ मागं गेली आणि पोरगी म्हणते मी पुढं आलो. तिला बरोबर कळलं होतं.

या खेळात कुणाला फुकटची खैरात मिळत नाही. रेघ खोटं बोलत नाही. ती आज कुठं आहे तेवढंच दाखवते. वेगवान पोरालाही फायदा होतो, कारण एरवी त्याला पूर्ण जोर लावायची गरजच पडत नाही, आणि इथं सहा मीटर पुढची पोरगी पकडायची असते.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्याला जमलेलं बघणं. त्यासाठी मी पोरांना बोल्टपेक्षा जवळची माणसं सांगतो. कर्नाटकातल्याच मणिकंठ होबळीधरनं २०२३ मध्ये बेंगळुरूत १०.२३ सेकंदांत शंभर मीटर पळून तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२५ मध्ये छत्तीसगडच्या अनिमेष कुजूरनं तो आकडा १०.१८ वर नेला. पण खरा परिणाम होतो तो गल्लीतल्या नववीतल्या ताईचा, जी जिल्ह्याला जाऊन आली. तिला महिन्यातून एकदा बोलवावं. भाषणासाठी नाही, बारक्यांबरोबर पळण्यासाठी.

शब्दांचं म्हणाल तर "शाब्बास" पोरं विसरतात. "आज सहाव्या पावलापर्यंत मान खाली ठेवलीस" हे विसरत नाहीत.

दातओठ खाऊ नका

आपल्या भाषेत जोर लावायचे जे शब्द आहेत ते सगळे धावपटूला मारक आहेत. दातओठ खाऊन पळ. जीव खाऊन पळ. मुठी आवळून पळ. मैदानाच्या कडेनं मामा, काका, मास्तर सगळे हेच ओरडतात, प्रेमानंच ओरडतात, आणि पोरगं ऐकतं. जबडा आवळला की मान ताठ होते, खांदे कानाकडं चढतात, हात आखडतात. धावताना मांडीचा पुढचा स्नायू काम करतो तेव्हा मागच्यानं सैल पडायचं असतं, आणि मागचा ओढतो तेव्हा पुढच्यानं. भीतीनं किंवा अतिजोरानं दोन्ही एकदम आवळले गेले तर गाडी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकत्र दाबून चालवल्यासारखं होतं.

इथं वेग आणि आत्मविश्वास एकत्र येतात, आणि म्हणून मी ते वेगळे शिकवत नाही. भ्यायलेलं अंग सैल पडू शकत नाही. आणि सैल न पडलेलं अंग वेगात येऊ शकत नाही.

उपाय साधा. फणसाचं वाळकं पान बोटांच्या चिमटीत धरून तीस मीटर पळायचं, पान चुरगळता कामा नये. गाल हलले पाहिजेत. सोळा आण्यांतले पंधरा आणेच जोर लावायचा. पुष्कळदा पंधरा आण्यांची धाव सोळा आण्यांच्या धावेपेक्षा वेगवान निघते, आणि स्टॉपवॉच दाखवल्यावर पोरांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

स्टॉपवॉचबद्दल एवढंच लक्षात ठेवा की हातानं घेतलेली वेळ यंत्रापेक्षा सुमारे पाव सेकंद कमी येते. गावात १३.० पळालेली मुलगी मोठ्या स्पर्धेत १३.२४ दिसली तर ती मंदावलेली नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा. वाऱ्याचंही तसंच. मागून जोराचा वारा असताना घेतलेली वेळ वहीत लिहा, पण शेजारी "वारा" असंही लिहा. विक्रमासाठी सेकंदाला दोन मीटरहून जास्त मागचा वारा जागतिक नियमांतही चालत नाही.

स्पर्धेचा दिवस

कणकुंबीकडच्या एका वाडीतली मुलगी तालुक्याला आली होती. सराव उत्तम, दोन रात्री आनंदानं झोप नाही. तिचा चेस्ट नंबर सत्तेचाळीस. माइकवरून पुकारा झाला, "नलवत्तेळू!" घरात मराठी, शाळा मराठी, पोरगी माझ्या शेजारी उभी राहून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत राहिली. माझंही लक्ष दुसरीकडं होतं. हीट सुटून गेली. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून आमच्या सरावात पोरांना मी अधूनमधून कन्नड आकड्यांनीच हाक मारतो, ओंदु-एरडूपासून शंभरापर्यंत. "ऑन युअर मार्क्स, सेट" हेही वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवतो, कधी सेटनंतर लगेच टाळी, कधी थांबून. स्पर्धेच्या दिवशी काहीच नवीन वाटू नये, हाही आत्मविश्वासच आहे. पाहुण्याच्या घरी वावरताना माणूस अवघडतो, स्वतःच्या घरी नाही.

सुरुवातीच्या रेघेवर पोटात गोळा येतो, छाती धडधडते, लघवीला होतं. पोरांना वाटतं आपण घाबरट आहोत. त्यांना सांगावं की अंग शर्यतीची तयारी करतंय. हृदय रक्त पायाकडं पाठवतंय. पट्टीच्या धावपटूंनाही हेच होतं. "घाबरू नको" म्हटल्यानं भीती जात नाही, पण "हे असंच व्हायला पाहिजे" म्हटलं की तिचा अर्थ बदलतो.

शर्यतीच्या शेवटी छाती पुढं झुकवायची. नियमानं मोजतात ते धड, हात-पाय-डोकं नाही. पी. टी. उषा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ५५.४२ सेकंदांत आल्या. कांस्यपदक गेलं ५५.४१ ला. पण झुकायचं ते रेघेवर, पाच मीटर आधी नाही, आणि उडी तर मुळीच नाही.

वाढीची वर्षं

मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात झपाट्यानं उंच होतात. तेव्हा हाडं आधी वाढतात, स्नायू आणि अंगाचा अंदाज मागून येतो. कालपर्यंत चपळ असलेलं पोरगं अचानक अडखळायला लागतं, वेळ खराब येते. या काळात त्याला ओरडलं तर ते खेळ सोडतं. सहा महिने, वर्ष धीर धरावा. उड्या थोड्या कमी, तंत्र आणि खेळ जास्त. गुडघ्याखालचं हाड दुखतं किंवा टाच दुखते असं म्हणालं तर "चालतंय" म्हणून पळवू नका, ती वाढीच्या जागेची दुखणी असतात आणि त्यांना विश्रांती लागते. धावताना चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं याला तर त्याच दिवशी डॉक्टर.

चौदाखालच्या गटात काही पोरं लवकर वाढलेली असतात आणि त्या जोरावर सगळं जिंकतात. पुढं बाकीचे वाढले की हीच पोरं मागं पडतात आणि खचतात. उलट उशिरा वाढणारं पोरगं बाराव्या वर्षी "याच्यात काही नाही" म्हणून सोडून दिलेलं असतं. बाराव्या वर्षीचा निकाल हा पुष्कळसा वाढीचा निकाल असतो, हे दोघांच्याही पालकांना सांगायला हवं.

मुलींचं आणखी एक. आठवी-नववीत मुली मैदान सोडतात आणि आपण म्हणतो "इंटरेस्ट गेला". विचारा तर कळतं: अंग हलतं म्हणून लोक बघतात, पाळीत डाग पडेल अशी भीती असते, पांढरी चड्डी घालायला लावतात. यातलं काहीही मुलगी पुरुष शिक्षकाला सांगणार नाही. गडद रंगाचा ट्रॅकसूट, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, आणि मैदानावर एखादी बाई किंवा कुणाची तरी आई, एवढ्यावर मी मुली परत आलेल्या बघितल्यात. सतत दमणाऱ्या मुलीचं रक्त तपासून घ्यावं. लोह कमी असेल तर कोणताही सराव कामाचा नाही.

झोप आठ ते दहा तास. जेवणात नाचणी, उसळ, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. डब्यातली पावडर आणि कुणी दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनं अजिबात नकोत.

पावसाळ्यात

आमच्याकडची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. शाळांच्या स्पर्धा येतात पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग, म्हणजे मैदान चिखलानं भरलेलं असताना. खानापूरच्या पश्चिमेला तर जून ते सप्टेंबर बाहेर पळायची सोयच नसते. आणि पूर्ण वेगाची धार सगळ्यात लवकर बोथट होते. म्हणून डिसेंबर ते मे हे महिने वेग कमवायचे. पावसाळ्यात तो राखायचा, त्याला शाळेचा व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. भिंतीला हात टेकवून तिरकं उभं राहायचं आणि एकेक गुडघा झटक्यानं वर आणायचा. सतरंजीवर लंगडी. जागेवरून लांब उडी, फरशीवर खडूनं खूण. पालथं झोपून उठणं आणि दहा मीटर. पण पुढं थांबायला मोकळी जागा आहे ना हे आधी बघा, आणि ओल्या शहाबादी फरशीवर तर नकोच. उघडीप मिळाली की वीस मीटरचा कोरडा पट्टा शोधायचा, मुरुमाचा असला तरी चालेल, आणि चार धावा करून घ्यायच्या. प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटं बसायचं. सर येते की काय म्हणून घाई करून पाच पळवू नयेत.